दहाही जणींना झोप लागली होती

प्रश्न एका ताईंचा आहे. थोडक्यात असा: "मी विश्वासी ख्रिस्ती घरात वाढले. लहानपणी शाळेतून आल्यावर घरात कोणी दिसलं नाही की प्रभू येशू येऊन सगळ्यांना घेऊन गेला आणि मी एकटीच मागे राहिले, असं वाटून रडत बसायचे. आजी ‘प्रभू माझ्या डोळ्यांदेखत येईल’ म्हणत म्हणत गेली. आता माझी चाळिशी जवळ आली. ‘प्रभू लवकर येत आहे’ हे ऐकून मनात काहीच हलत नाही, आणि हलत नाही म्हणून अपराधी वाटतं. धाकट्या भावाने मात्र कुठल्याशा व्हिडिओवरून तारीख मनात धरली आहे आणि तो नोकरी सोडायच्या गोष्टी करतो. वाट पाहत जगायचं म्हणजे नेमकं काय करायचं?"

ताई, मी नगर जिल्ह्यातल्या आणि मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांच्या मंडळ्यांमध्ये पाळकाचं काम करत आलो आहे. प्रभूच्या पुन्हा येण्यावर उपदेश करणं सोपं असतं. गृहभेटीत, दवाखान्यात, दफनभूमीत बोलायची वेळ येते तेव्हा कळतं, कोणती शिकवण माणसाला उभं करते आणि कोणती नुसती घाबरवते. त्या अनुभवावरून लिहितो.

आधी त्या भीतीबद्दल. ती तुमची एकटीची नाही. कितीतरी जणांनी मोठेपणी मला हीच गोष्ट सांगितली आहे: दार उघडं, चुलीवर भाताचं पातेलं, आई कुठे दिसत नाही, आणि पोटात गोळा. आई शेजारी पीठ मागायला गेलेली असते, पण तेवढ्या पाच मिनिटांत मूल नरकापर्यंत जाऊन येतं. ही भीती ज्या शिकवणीतून येते ती अशी: प्रभू आधी गुपचूप येऊन आपल्या लोकांना उचलून नेईल, मागे राहिलेल्यांवर महासंकट कोसळेल, आणि मग तो सगळ्यांना दिसेल असा येईल. या दोन टप्प्यांच्या मांडणीला आजचा आकार १८३० च्या सुमारास जॉन नेल्सन डार्बी या उपदेशकांनी दिला आणि १९०९ मध्ये निघालेल्या स्कोफिल्ड यांच्या टीपांच्या बायबलमुळे ती घरोघरी गेली. आपल्याकडे ती पत्रकांतून, सभांमधून आणि आता मोबाइलवरून आली. त्याआधीची अठराशे वर्षं मंडळीने प्रभूची वाट पाहिली ती या तक्त्याशिवाय. ही मांडणी मानणारे अनेक जण प्रभूवर मनापासून प्रेम करणारे आहेत, त्यांच्या श्रद्धेविषयी माझ्या मनात आदर आहे. पण लहान मुलांना वळण लावण्यासाठी तिचा धाक दाखवणं मला कधीही पटलं नाही.

शेतात दोघे असतील, एक घेतला जाईल, एक ठेवला जाईल, हे मत्तयाच्या २४व्या अध्यायातलं वचन तुमच्या आजीने तुम्हाला नक्की ऐकवलं असेल. त्याच्या लगेच आधीच्या ओळी वाचा. तिथे नोहाचे दिवस आहेत. त्या गोष्टीत पुराने ज्यांना वाहून नेलं ते नाश पावले, आणि मागे राहिलं ते नोहाचं घर. म्हणजे ‘मागे राहणं’ हेच भयंकर, असं त्या उताऱ्यावरून ठामपणे म्हणता येत नाही. विद्वानांचे यावर मतभेद आहेत, असू देत. पण ज्या एका ओळीने तुमचं बालपण पोखरलं, ती ओळ तेवढा भार पेलू शकत नाही, हे तुम्हाला कळायला हवं.

न्यायाच्या दिवसाची भीती वाटते अशा माणसांना मी आणखी एक गोष्ट सांगत असतो. १५६३ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्ग इथे मंडळीच्या शिक्षणासाठी एक प्रश्नोत्तरी तयार झाली. तिच्यातला ५२वा प्रश्न असा की ख्रिस्त न्याय करायला येणार यातून तुला कोणतं सांत्वन मिळतं? प्रश्नच बघा. धडकी भरते का, असं तिथे विचारलेलं नाही. उत्तराचा सारांश असा की जो माझ्या जागी आधीच न्यायासनासमोर उभा राहिला, तोच न्यायाधीश म्हणून येणार आहे, म्हणून मी मान वर करून त्याची वाट पाहतो. खिळ्यांचे वण असलेले हात निकाल देणार आहेत. तुमच्या मुलांना काही शिकवायचं असेल तर इथून सुरुवात करा.

आता तुमच्या थकव्याकडे येतो, कारण माझ्या मते तुमचा खरा प्रश्न तो आहे.

मत्तयाच्या २५व्या अध्यायातला दहा कुमारींचा दाखला तुम्हाला पाठ असेल. दिवे घेऊन नवऱ्याला सामोऱ्या निघालेल्या दहा जणी. पाच शहाण्या, पाच मूर्ख. नवरा यायला उशीर झाला तेव्हा काय झालं? मत्तय स्पष्ट लिहितो की त्या सगळ्याच पेंगल्या आणि झोपी गेल्या. दहाही जणी. शहाण्याही. मध्यरात्री हाक आली तेव्हा दहाही जणींना जागं व्हावं लागलं. दाखल्यात झोपल्याबद्दल कोणालाही बोल लावलेला नाही. फरक पडला तो दिव्याच्या तेलाने, आणि शहाण्यांनी ते झोप लागायच्या आधीच भांड्यात भरून घेतलेलं होतं.

हे मी अनेकदा थकलेल्या माणसांना वाचून दाखवतो: कर्करोगाच्या रुग्णाची सेवा करणाऱ्या बायकोला, तान्ह्या बाळाच्या आईला, रात्रपाळीच्या कामगाराला. ‘जागे राहा’ या आज्ञेचा अर्थ मन सतत तापलेलं ठेवा असा त्यांनी घेतलेला असतो, आणि मन तापत नाही म्हणून ते स्वतःला मूर्ख कुमारींत मोजतात. प्रभूने उत्साह मागितलेला नाही. त्याच २५व्या अध्यायात पुढे दोन उतारे आहेत: धन्याने सोपवून दिलेल्या पैशांचा दाखला, आणि मेंढरं व शेरडं वेगळी करण्याचं चित्र. धनी परत आल्यावर चाकराला विचारतो, दिलेल्याचं काय केलंस? राजा विचारतो, भुकेल्याला जेवायला घातलंस का, तुरुंगात भेटायला गेलास का? ‘माझ्या येण्याच्या विचाराने तुझा ऊर भरून येत होता का’ हा प्रश्न तिन्ही ठिकाणी कुठेही नाही. आणि स्वर्गारोहणाच्या दिवशी शिष्य वर बघत उभे राहिले तेव्हा देवदूतांनी त्यांना हेच विचारलं की आकाशाकडे बघत का उभे आहात.

मग तेल म्हणजे काय? याची उत्तरं पुष्कळ आहेत: कोणी पवित्र आत्मा म्हणतात, कोणी विश्वास, कोणी सत्कृत्यं. मी एवढंच बघितलं आहे की काही गोष्टी ऐन वेळी शेजारणीकडून उसन्या मिळत नाहीत. प्रार्थनेची सवय मिळत नाही. वीस वर्षं न बोललेल्या भावाशी समेट एका रात्रीत करून देता येत नाही. खरं बोलायची खोड उसनी मिळत नाही. मरणशय्येपाशी बसल्यावर हे फार स्पष्ट दिसतं. तुमच्या मनात आज काही हलत नसेल, पण तुम्ही उपासनेला जाता, मुलांना झोपवताना प्रार्थना करता, घेतलेला शब्द पाळता, तर भांडं रिकामं नाही. अपराधी वाटून घेऊ नका.

आजीबद्दल. ती वाट पाहत गेली, मग तिची फसगत झाली का, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण ओळींमधून ऐकू येतंय. हा प्रश्न नव्या करारातल्या अगदी जुन्या प्रश्नांपैकी आहे. पौलाने थेस्सलनीकाकरांस पहिलं पत्र इ.स. ५० च्या आसपास लिहिलं. तो त्या शहरात फार दिवस राहिला नव्हता. दंगल उसळली आणि बंधुजनांनी त्याला रातोरात बाहेर काढलं. मागे राहिलेल्या त्या कोवळ्या मंडळीत काही जण वारले, आणि घरच्यांना हाच घोर लागला: प्रभू येईल तेव्हा आमची ही माणसं कुठे असतील? पौल चौथ्या अध्यायात लिहितो की ख्रिस्तामध्ये जे मेलेले आहेत ते आधी उठतील. आपण जे जिवंत राहू ते त्यांच्या पुढे जाणार नाही. आणि शेवटी म्हणतो, या वचनांनी एकमेकांचं सांत्वन करा.

तुमच्या आजीच्या दफनाच्या वेळी हाच उतारा वाचला असणार, आपल्याकडे तो बहुतेक दफनविधींत वाचतात. पण त्या वेळी आपण ऐकण्याच्या स्थितीत नसतो. आता सावकाश वाचा. त्या ओळींप्रमाणे तुमची आजी रांगेत तुमच्या पुढे आहे. जुन्या ख्रिस्ती दफनभूमींत अनेक ठिकाणी कबरी पूर्व-पश्चिम खोदलेल्या दिसतात, मृताचे पाय पूर्वेला. वीज पूर्वेकडून निघून पश्चिमेपर्यंत चमकते तसं मनुष्याच्या पुत्राचं येणं होईल, हे वचन मनात धरून लोकांनी शतकानुशतकं आपली माणसं अशी ठेवली की उठून बसतील तेव्हा तोंड त्याच्याकडे असेल. पौलाने रडू नका असं सांगितलेलं नाही. ज्यांना आशा नाही अशांसारखा खेद करू नका, असं सांगितलं आहे. आजीची आठवण येऊन रडलात तर ते अविश्वासाचं लक्षण नाही.

यावरून मला जी गोष्ट सांगायची आहे ती अशी. नव्या करारात प्रभूच्या येण्याचा विषय जिथे जिथे येतो तिथे समोर कोणीतरी विशिष्ट माणूस असतो, विशिष्ट अडचणीत सापडलेला. घरातलं माणूस गेलेला, कामधंदा सोडून बसलेला, छळ सोसणारा, मजुरी बुडालेला. आपण हे सगळे उतारे वेचून एकत्र शिवतो आणि भविष्याचं वेळापत्रक करतो. मग प्रत्येक वचनाचा पत्ता हरवतो. तुम्ही त्या वचनाचा पत्ता शोधा, आणि आज तुम्ही ज्या घरात उभ्या आहात त्या घरावर लिहिलेलं वचन घ्या.

मजुरी बुडालेल्यांचं म्हटलं, ते याकोबाच्या पाचव्या अध्यायात आहे आणि त्यावर मी जरा थांबणार आहे, कारण आपल्या मंडळ्यांमध्ये हा अध्याय अर्धाच वाचला जातो. ‘प्रभूच्या आगमनापर्यंत धीर धरा’ हे सातवं वचन सगळ्यांना माहीत आहे. त्याच्या आधीची सहा वचनं श्रीमंतांना उद्देशून आहेत: ज्या कामकऱ्यांनी तुमच्या शेतांची कापणी केली त्यांची तुम्ही अडकवून ठेवलेली मजुरी ओरडत आहे, आणि ते ओरडणं सेनाधीश प्रभूच्या कानी गेलं आहे. ‘म्हणून’ धीर धरा, असं सातवं वचन आहे. धीर धरायला सांगितलंय ते या लुबाडलेल्या मजुरांना.

आमच्या भागातल्या कितीतरी घरांना दिवाळीनंतर कुलूप लागतं. माणसं मुकादमाकडून उचल घेऊन, पोरंबाळं, भांडीकुंडी ट्रकमध्ये टाकून ऊसतोडीला जातात आणि गुढीपाडव्याच्या आसपास परत येतात. नाताळाच्या आधीचे चार रविवार, म्हणजे आगमनकाळ, नेमके हंगामाच्या ऐन भरात येतात. गावातलं ख्रिस्तमंदिर अर्धं रिकामं. म्हणून आम्ही तळावर जाऊन प्रार्थना घ्यायचो. सांज झालेली, झोपडीवजा कोप्यांसमोर उसाच्या वाढ्यांचे भारे पडलेले, बैल बांधलेले, पहाटेपासून फडात असलेल्या बाया आता भाकरी थापायला बसलेल्या. त्यांना उठा म्हणायची माझी छाती होत नसे. चुलीपाशीच वाचन व्हायचं. एकदा याकोबाचा हा अध्याय वाचून झाला आणि मी ‘प्रभू येणार, न्यायाधीश दाराशी उभा आहे’ यावर दोन शब्द बोललो. एक वयस्क बाई भाकरी उलटता उलटता म्हणाल्या, "म्हंजी तो आला की काटा तपासणार म्हना."

काटा मारतात, वजनात खोट काढतात, ही ऊसवाल्यांची पिढ्यान् पिढ्यांची तक्रार. त्या बाईंना न्यायाच्या दिवसाचं वचन चांगली बातमी म्हणून ऐकू आलं. एक दिवस असा येईल की कोणीतरी काट्यापाशी उभा राहील, त्याला लाच चालणार नाही, त्याच्यापुढे मुकादमाचं वहीखातं चालणार नाही. ९६वं आणि ९८वं स्तोत्र वाचा. तिथे तो पृथ्वीचा न्याय करायला येतो म्हणून नद्या टाळ्या वाजवतात, वनातली झाडं आनंदाने गातात. शहरात स्थिरावलेल्या आपल्यासारख्यांना न्याय म्हटलं की घाम फुटतो, आणि ज्यांचं वर्षानुवर्षं लुबाडलं गेलं त्यांना न्याय म्हटलं की हायसं वाटतं. तुमच्या मनात आशा हलत नाही याचं एक कारण हेही असेल, ताई, की तुमचं बरं चाललंय. यात दोष काही नाही. पण ज्यांचं बरं चाललेलं नाही त्यांच्याजवळ जाऊन बसलात तर ‘तुझे राज्य येवो’ ही विनंती तोंडातून आपोआप निघायला लागते. हा माझा अनुभव आहे आणि मी तो अनेकांना करून बघायला सांगितला आहे.

याच अध्यायात शेतकऱ्याचं चित्र आहे: तो भूमीच्या मोलवान पिकाची वाट पाहतो, पहिला आणि शेवटचा पाऊस मिळेपर्यंत धीर धरतो. त्या देशात पहिला पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरला पडतो आणि शेवटचा मार्च-एप्रिलला. आपल्याकडे मृग लागायच्या आधी काय चालतं बघा. माणूस आभाळाकडे बघतो, पण बांधावर बसून राहत नाही. नांगरट झालेली असते, पाळ्या घातलेल्या असतात, बियाणं आणून ठेवलेलं असतं, शेणखत टाकलेलं असतं. पावसाची तारीख त्याच्या हातात नाही हे त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं. आणि पाऊस येणारच नाही असं समजून तो एकही दिवस वागत नाही.

या आशेचा एक काच आपल्यालाही आहे. आपण स्वतः कोणाची मजुरी अडकवून ठेवली आहे का? घरकाम करणाऱ्या मावशींचे खाड्याचे पैसे कापतो का? गावच्या जमिनीत बहिणीचा वाटा दाबून ठेवला आहे का? द्वितीयागमनावर रात्रभर उपासप्रार्थना करणाऱ्या घरात मी बहिणीच्या वाट्यावरून अबोला पाहिला आहे. तयारी करायची तर ती अशा ठिकाणी करायची असते.

आणखी एक गोष्ट, जी लोक पाळकाला फक्त एकांतात सांगतात. ‘प्रभू यावा, पण इतक्यात नको.’ लग्न ठरलेलं असतं, पहिलं बाळ पोटात असतं, घराचा ताबा मिळायचा असतो. तुम्ही हे लिहिलेलं नाही, पण मनात असेल तर लाजू नका. ही भावना येते कारण आपल्याला वाटतं, तो आला की ही सगळी चांगली वस्तू पुसली जाणार. शास्त्र वेगळं सांगतं. यशयाच्या ६५व्या अध्यायात नव्या आकाशाचं आणि नव्या पृथ्वीचं वर्णन आहे, त्यात लोक घरं बांधून त्यांत राहतात, द्राक्षमळे लावून त्यांचं फळ खातात. दुसरा कोणी ते हिसकावून घेत नाही. प्रकटीकरणाच्या २१व्या अध्यायात पवित्र नगरी वरून खाली उतरते आणि राष्ट्रांचं वैभव तिच्यात आणलं जातं. आपल्या घराला, शेताला, लेकरांना जे चांगलं आहे ते देवाने दिलेलं आहे, आणि येणारा तोच आहे. त्याचं येणं हे तुमच्या सुखाच्या विरोधात ठेवलेलं नाही.

उशीर का, याचं पेत्राच्या दुसऱ्या पत्रातलं उत्तर तुम्हाला ठाऊक आहे: प्रभूला एक दिवस हजार वर्षांसारखा, आणि तो विलंब करत नाही तर कोणाचा नाश होऊ नये म्हणून सहन करतो आहे. मला ते पुरतं. पण दुःखात असलेल्या माणसाला ते लगेच पुरेल असं नाही, आणि त्याच्या तोंडावर ते वचन फेकू नये. प्रकटीकरणाच्या सहाव्या अध्यायात वेदीखालचे हुतात्मेसुद्धा ओरडून विचारतात, ‘कोठवर?’ त्यांना कोणी गप्प करत नाही. पांढरे झगे दिले जातात आणि थोडा वेळ विसावा घ्या असं सांगितलं जातं. देवाला ‘किती उशीर’ असं विचारणं हेसुद्धा वाट पाहणंच आहे. ज्याची वाट पाहणं सोडलं त्याला कोणी असं विचारत नाही.

रोजच्या जगण्यात काय करायचं, तर फार नवं काही सांगणार नाही. वाट पाहण्याची जबाबदारी एकट्या तुमच्या मनावर नाही. ती मंडळीने वाटून घेतली आहे. दर रविवारी मतांगीकारात, म्हणजे विश्वासाच्या जाहीर कबुलीत, आपण म्हणतो की तो जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करायला पुन्हा येईल. ३८१ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेतून आलेल्या मतांगीकारात पुढे हेही आहे की त्याच्या राज्याचा अंत होणार नाही. प्रभुभोजनाला जाल तेव्हा लक्ष द्या: ही भाकर खाताना आणि हा प्याला पिताना तुम्ही प्रभूच्या मरणाची घोषणा करता, ‘तो येईपर्यंत’. ज्या रविवारी तुमच्या मनात काही नसतं त्या रविवारी शेजारी उभी असलेली म्हातारी तुमच्या वाटची वाट पाहत असते. पुढे कधी तुम्ही तिच्या वाटची पाहाल.

वसईच्या कॅथलिक बंधुभगिनींकडून आपण एक गोष्ट घ्यावी असं मला फार वाटतं. त्यांचा आगमनकाळ सुरू होतो तो बाळ येशूने नव्हे. पहिल्या रविवारचं शुभवर्तमान प्रभूच्या पुन्हा येण्याचं असतं, १६ डिसेंबरपर्यंत तोच सूर राहतो आणि १७ पासून गव्हाणीकडे तोंड वळतं. आपल्याकडे डिसेंबर लागला की नाटकाच्या तालमी, कॅरल, आकाशकंदील, केक. तो आनंद हवाच. पण घरात चार मेणबत्त्या ठेवून दर रविवारी एकेक लावायला आणि त्या चार आठवड्यांत लूकचा १२वा अध्याय, यशयाचा ३५वा अध्याय वाचायला काही खर्च येत नाही. मुलांना भीती न दाखवता ही आशा शिकवायचा याहून चांगला मार्ग मला सापडलेला नाही.

आणि पुणे जिल्ह्यातलं केडगाव आठवा. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली मोठं आत्मिक जागरण झालं. मुली तासन् तास प्रार्थनेत रडत, गात. त्याच आवारात दुष्काळातून आणलेल्या मुलींसाठी शाळा होती, हातमाग होते, शेती होती, छापखाना होता. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचा मराठी अनुवाद करत होत्या. १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक लेक मनोरमा गेली. त्या दुःखातही अनुवादाचं काम त्यांनी पुरं केलं आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्या स्वतः गेल्या. प्रार्थनेचे अश्रू आणि छापखान्याची शाई एकाच आवारात नांदू शकतात, हे आपल्या मातीत घडून गेलेलं आहे.

चिन्हं, आकडे यांवर थोडक्यात. कोरोनात लस म्हणजे प्रकटीकरणातल्या श्वापदाचा शिक्का असे संदेश फिरले आणि काही विश्वासी माणसांनी त्यापायी लस टाळली. प्रकटीकरण हे आशिया प्रांतातल्या सात मंडळ्यांना लिहिलेलं पत्र आहे, रोमी सत्तेच्या दडपणाखाली असलेल्या लोकांना. त्या श्वापदाचा ६६६ हा आकडा ‘नीरो कैसर’ या रोमी सम्राटाच्या नावाच्या हिब्रू अक्षरांच्या बेरजेतून येतो असं अनेक अभ्यासक मानतात. त्या पुस्तकात खरा प्रश्न उपासना कोणाची करायची हा आहे. इंजेक्शनचा त्यात काही संबंध नाही.

आता भाऊ, कारण इथे वेळ कमी आहे.

त्याला १८४४ ची गोष्ट सांगा. अमेरिकेत विल्यम मिलर या बॅप्टिस्ट पंथाच्या उपदेशकाने दानीएलाच्या आठव्या अध्यायातले २३०० दिवस म्हणजे वर्षं धरली, ख्रिस्तपूर्व ४५७ पासून मोजली, आणि त्याच्या अनुयायांनी अखेर २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख नक्की केली. हजारो लोक वाट पाहत बसले. काही शेतकऱ्यांनी उभं पीक काढलंच नाही. २३ तारखेची सकाळ उजाडली. २०११ मध्ये हॅरल्ड कॅम्पिंग यांनी रेडिओवरून २१ मे ही तारीख दिली, ती हुकल्यावर २१ ऑक्टोबर दिली. काही श्रोत्यांनी आयुष्याची पुंजी जाहिरातींवर घातली होती. पुढच्या वर्षी तारीख सांगणं चुकीचं होतं हे कॅम्पिंग यांनी स्वतः लेखी मान्य केलं. ही माणसं भोंदू होती असं मी म्हणत नाही, ती बायबल मनापासून वाचणारी होती. म्हणूनच सावध राहायला हवं. तो दिवस आणि ती घटका पुत्रालाही ठाऊक नाही असं पुत्र स्वतः म्हणतो. त्याच्यापेक्षा जास्त माहिती देणाऱ्या व्हिडिओला किती मान द्यायचा, हे भावाने ठरवावं.

पण त्याच्याशी वाद घालू नका. तारखेवरचा वाद जिंकता येत नाही; प्रत्येक वचनाला त्याच्याकडे दुसरं वचन असेल. त्याच्याबरोबर बसून थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्राचा चौथा अध्याय वाचा. तो तेराव्या वचनापासून वाचायला लागेल, कारण तुतारी आणि मेघ तिथे आहेत. तुम्ही नवव्यापासून वाचायला लावा. अकराव्या वचनात पौल सांगतो की शांत राहण्याची, आपापला उद्योग करण्याची आणि आपल्या हातांनी काम करण्याची हौस धरा. तुतारीच्या दोन-चार ओळी आधी. दुसऱ्या पत्रात हेच आणखी कडक होतं, कारण तोवर त्या मंडळीत काही जण काम सोडून बसले होते: काम करायची इच्छा नसेल त्याने खाऊही नये. हे लिहिणारा पौल स्वतः तंबू शिवून पोट भरत होता.

मग साधे प्रश्न विचारा. गाडीचे हप्ते कोण भरणार? आईचं औषध कुठून येणार? त्याला राजीनाम्याऐवजी सुट्टी घ्यायला सांगा. ती तारीख जवळ येईल त्या आठवड्यात प्रार्थनेसाठी चार दिवस घे, मीही एक दिवस तुझ्याबरोबर बसते, असं म्हणा. त्याच्या प्रार्थनेला नाकारू नका, ती खरी आहे. तुमच्या पाळकांना आधीच कल्पना देऊन ठेवा, म्हणजे ते व्यासपीठावरून टोमणा मारणार नाहीत. आणि त्या तारखेच्या दुसऱ्या दिवशी त्याला एकटं राहू देऊ नका. १८४४ नंतर पुष्कळ लोकांचा विश्वास तुटला तो त्या सकाळी, लोकांच्या हसण्याने. त्या दिवशी त्याला घरी जेवायला बोलवा, त्याच्या आवडीचं करा, तारखेचा विषय त्याने काढल्याशिवाय काढू नका, आणि त्या रविवारी त्याच्याबरोबर प्रभुभोजनाला जा.